सिंह, वाइन आणि वाघोबा: एका दिवसाच्या सहलीचं परीक्षण

या ब्लॉगवर आपण एरवी शोधनिबंध वाचतो आणि त्यात काय आहे ते सोप्या मराठीत बघतो. आज परीक्षण आहे एका सहलीचं, पण वाटेत शोधनिबंध येणारच आहे, काळजी नसावी.

सहल अशी: पहाटे मुंबईहून निघायचं, राष्ट्रीय महामार्ग 48 धरून तलासरी गाठायची. तिथून पश्चिमेला समुद्राकडे उतरलं की डहाणू तालुक्यातलं बोर्डी. तिथे चिकूची वाइन बनवणारी वायनरी बघायची आणि चव घ्यायची. मग परत महामार्गावर येऊन उत्तरेला जायचं, गुजरातेत भिलाडला उजवीकडे वळायचं आणि सिल्वासाजवळच्या वासोण्याला बंद गाडीत बसून सिंह बघायचे. रात्री घरी. हाच क्रम कोणी उलटाही सांगतं, सकाळी सिंह आणि संध्याकाळी वाइन. मला गेल्या काही महिन्यांत ही सहल निरनिराळ्या लोकांनी सुचवली आणि प्रत्येकाने तिचं वर्णन दोनच शब्दांत केलं: ‘निसर्ग’ आणि ‘लोकल’.

हे दोन शब्द मी जरा गंभीरपणे घेणार आहे. एखादी सहल जर म्हणत असेल की मी तुम्हाला या भागाचा निसर्ग दाखवते आणि इथलं स्थानिक काहीतरी चाखवते, तर तिला त्याच मापाने मोजायला हवं. दिवसभर फिरून झाल्यावर तुम्हाला डहाणू-तलासरीबद्दल काय नवीन कळलं, एवढाच माझा निकष आहे.

आधी सिंह

वासोण्याचा लायन सफारी पार्क दादरा आणि नगर हवेलीत आहे, सिल्वासापासून साधारण दहा किलोमीटरवर. क्षेत्र सुमारे 20 हेक्टर. सिंह गीरहून आणलेले. तुम्ही जाळी लावलेल्या गाडीत बसता, गाडी दोन फाटकांमधून आत जाते आणि सिंह असतील तिथे थांबते.

या प्रकाराचा जन्म इंग्लंडमधला. 1966 साली लाँगलीट इथल्या एका सरदार घराण्याच्या इस्टेटीवर सिंह मोकळे सोडले आणि लोकांना मोटारी घेऊन आत यायला सांगितलं. आफ्रिकेबाहेरचं हे पहिलं गाडीतून बघायचं प्राणी उद्यान. कल्पना मोठी आकर्षक होती: पिंजरा उलटा करायचा. माणूस आत, प्राणी बाहेर. आजही सफारी पार्कात मुलांना हेच सांगितलं जातं, ‘बघा, आज आपण पिंजऱ्यात आहोत!’

आकडे मात्र वेगळं सांगतात. 20 हेक्टर म्हणजे 0.2 चौरस किलोमीटर. मोकळ्या सिंहाचा वावर कित्येक चौरस किलोमीटरांत मोजावा लागतो. म्हणजे पिंजरा उलटा झालेला नाही, फक्त त्याची भिंत लांब नेली आहे, इतकी की ती तुमच्या फोटोत येत नाही. प्राणिसंग्रहालयातल्या गजांपेक्षा हे निश्चितच बरं आहे. सिंहाला पायाखाली माती मिळते, सावली निवडता येते, माणसांपासून तोंड फिरवता येतं. पण ‘मोकळा सिंह पाहिला’ असं म्हणत परत येणं चुकीचं.

दुसरं, सिंह हा दिवसातले सोळा ते वीस तास पडून राहणारा प्राणी. दुपारी बारा ते चार या वेळात गेलात तर झाडाखाली झोपलेला सिंह दिसेल आणि तेच त्याचं सामान्य, निरोगी वागणं आहे. गाडीतल्या मंडळींना ते पटत नाही. ‘उठवा ना त्याला’ ही मागणी जिथे जिथे सफारी आहे तिथे ऐकू येते. ही मागणी करू नका आणि कोणी केली तर हळू आवाजात का होईना, अडवा.

पण माझा मुख्य आक्षेप जागेबद्दलचा आहे. आशियाई सिंह आज मोकळा फक्त सौराष्ट्रात उरला आहे. 2020 मध्ये तिथे 674 सिंह मोजले गेले, 2025 मध्ये 891. जुन्या काळी तो पश्चिम आशियापासून मध्य भारतापर्यंत पसरलेला होता, पण त्याचा पसारा साधारणपणे नर्मदेच्या उत्तरेला राहिला. म्हणजे उत्तर कोकणातल्या या सागाच्या जंगलांचा आणि सिंहाचा संबंध लावणं अवघड आहे. वासोण्याचा सिंह तुम्हाला गीरबद्दल काही सांगू शकेल, तेही सोबतच्या माणसाने तोंड उघडलं तर. सगळ्या सिंहांची एकाच भागात गर्दी होणं धोक्याचं का आहे, 2018 मध्ये गीरच्या दलखानिया भागात लागोपाठ सिंह मेले त्यात कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूचा हात कसा होता, काही सिंह दुसरीकडे हलवा असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 सालीच सांगूनही ते का झालं नाही. हे सगळं सांगण्यासारखं आहे. ज्या रस्त्याने तुम्ही आलात त्याच्या दोन्ही बाजूंच्या जंगलाबद्दल मात्र तो सिंह काहीच सांगू शकत नाही.

आणि त्या जंगलात मार्जारकुळातला एक मोठा प्राणी आहे. तुम्ही त्याच्या घरातूनच गाडी चालवत आलात. त्याच्याकडे वळण्याआधी वाइनचा हिशेब करू.

मग वाइन

चिकूची वाइन ही कल्पना ऐकून नाक मुरडणारे बरेच भेटतात. मी प्रयोगशाळेत यीस्टच्या संगतीत दिवस काढते, त्यामुळे या भागाकडे माझा ओढा जास्त आहे हे आधीच सांगते.

डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुख्य वाण कालीपत्ती. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, म्हणजे सिंहापेक्षाही लांबून आलेला पाहुणा. मग सिंहाला परका म्हणायचं आणि चिकूला स्थानिक, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर रोपवाटिकेत मिळतं. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. खिरणी, काही जण तिला रायण किंवा रांजण म्हणतात, ही आपल्या पश्चिम भारतातलीच, चिकूच्याच कुळातली. म्हणजे वरचं झाड मेक्सिकोचं आणि मुळं इथली. इथली माती, समुद्राची दमट हवा, पिढ्यानपिढ्या बागा राखणारी घरं, फळं उतरवणारे मजूर, ती मालगाडीत चढवणारे हमाल, असं सगळं त्या झाडाभोवती वाढलं. स्थानिक असण्याचा अर्थ मी असा घेते: ती गोष्ट काढून टाकली तर त्या जागेचं काहीतरी मोडतं. चिकू गेला तर डहाणू मोडेल. वासोण्याचे सिंह उद्या दुसरीकडे हलवले तर तिकीटघर सोडून इथलं काही बिघडणार नाही.

आता वाइन का बनवायची? कारण चिकू थांबत नाही. तो झाडावरून कडक असतानाच उतरवतात. मग फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्या वायूनेच स्वतःला पिकवतं. आंबा, केळं यांचंही असंच. कच्च्या फळातला चीक आणि तोंड आवळणारी टॅनिनं पिकताना कमी होतात, साखर मोकळी होते आणि पाच-सात दिवसांत फळ तयार. त्यानंतर त्याच्याकडे फार तर दोन-तीन दिवस असतात. गाडी चुकली, बाजार पडला, की माल खतात. ज्या फळाचं आयुष्य असं दिवसांत मोजलं जातं, त्याला बाटलीत घालून महिने किंवा वर्षं टिकवण्याची कोणतीही युक्ती शेतकऱ्याच्या कामाची आहे.

बोर्डीच्या हिलझिल वाइन्सने ‘फ्रुझान्ते’ या नावाने चिकूची वाइन बाजारात आणली तेव्हा बातम्यांमध्ये ‘जगातली पहिली’ वगैरे शब्द आले. पहिली-दुसरीच्या वादात मला रस नाही. अवघड काय आहे ते बघा. द्राक्ष हे वाइनसाठी जणू शिफारसपत्र घेऊन जन्माला आलेलं फळ आहे: भरपूर रस, भरपूर साखर, भरपूर आम्ल. चिकूत साखर आहे, साधारण वीस टक्क्यांच्या आसपास, पण आम्ल जवळपास नाहीच. आम्ल नसेल तर नको ते जिवाणू माजतात आणि चवही बेंगरूळ, नुसती गोड-मातकट होते. म्हणून बनवणाऱ्याला बाहेरून आम्ल घालून सामू खाली आणावा लागतो. शिवाय चिकूचा गर रवाळ आणि पेक्टिनने भरलेला. पेक्टिन म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ. तो तोडणारं विकर घातल्याशिवाय रस सुटत नाही आणि वाइन गढूळ राहते. मग यीस्टला नायट्रोजनचा खुराक, थंड टाकी, आणि वाट बघणं. यीस्ट साखरेच्या प्रत्येक रेणूचे दोन भाग अल्कोहोल आणि दोन भाग कार्बन डायऑक्साइड करतं. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल, हा ठोकताळा लक्षात ठेवा. वीस टक्के साखरेच्या रसातून अकरा ते बारा टक्के अल्कोहोल निघतं, ते या हिशेबाने.

म्हणून कुठल्याही फळांच्या वायनरीत गेलात तर मार्गदर्शकाला तीन प्रश्न विचारा: आम्ल कोणतं आणि किती घातलं? साखर वरून घातली का? आणि फळ कोणाच्या बागेतून आलं? ‘घातलं’ हा शब्द ऐकून भेसळीची शंका घेऊ नका, चिकूच्या बाबतीत ती गरज आहे. पण ज्या वायनरीत या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतात, तिथे तुम्ही काहीतरी शिकून बाहेर पडता. आणि चव घेताना गोडव्यावर जाऊ नका. चिकूचा गंध मुळात मंद, गुळाच्या जवळ जाणारा. तो घोट गिळल्यावर मागे राहतो का ते बघा. राहिला तर बनवणाऱ्याने फळ जपलं. नुसता गोड फसफसाट राहिला तर ते सरबत झालं.

माझ्या निकषावर वायनरी पास होते. एका फळाचं शरीरशास्त्र, एका तालुक्याचा बाजार आणि थोडं रसायन, एवढं तासाभरात हाती लागू शकतं. सहलीच्या या अर्ध्या भागाला मी मनापासून जा म्हणेन.

एक गोष्ट तिथल्या कोणत्याही फेरीत ऐकायला मिळावी असं मला वाटतं. चिकूच्या या बागा आज दिसतात त्यामागे कायदा आहे. 20 जून 1991 ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, उद्योगांना 500 एकरांची मर्यादा घातली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एक प्राधिकरण नेमलं गेलं, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दोन दशकांहून जास्त काळ त्याचे अध्यक्ष होते. आता त्याच किनाऱ्यावर वाढवणला 76,220 कोटींचं बंदर होऊ घातलंय. बागेतल्या बाकावर बसून वाइनचा पेला हातात धरताना एवढं माहीत असलेलं बरं.

वाटेवरची दोन गणितं

सहलीच्या जाहिरातीत जे कधीच लिहिलेलं नसतं ते इथे लिहिते.

पहिलं गणित रक्ताचं. मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. 150 मिलिलिटरचा एक पेला, 11 टक्क्यांची वाइन: 16.5 मिलिलिटर अल्कोहोल, म्हणजे वजनाने साधारण 13 ग्रॅम. हे अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. 60 किलोच्या पुरुषासाठी ढोबळ गुणक 0.68 धरला तर रक्तात साधारण 32 मिलिग्रॅम. त्याच वजनाच्या स्त्रीसाठी गुणक 0.55 च्या जवळ, म्हणजे 39 मिलिग्रॅम. जेवण झालंय का, किती वेळात प्यायलात यावर आकडा थोडा खालीवर होतो, पण अर्थ बदलत नाही: एक पूर्ण पेला घेतलेला माणूस मर्यादेच्या रेषेवर उभा असतो. चव घेण्यासाठी थोडी थोडी ओततात, पण तशा पाच वेळा घेतल्या की एक पेला झालाच. शरीर तासाला 10 ते 20 मिलिग्रॅमच्या वेगाने हे उतरवतं आणि कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर पाणी मारणं याने तो वेग वाढत नाही. ही सहल मुळात गाडीत बसून करायची आहे. तेव्हा चालवणाऱ्याने चव घ्यायचीच नाही, दुसरा मार्ग नाही.

दुसरं गणित सीमांचं. बोर्डी महाराष्ट्रात. सिल्वासा केंद्रशासित प्रदेशात, तिथे दारू चालते. पण भिलाडमार्गे जाताना मधे गुजरातचा तुकडा लागतो आणि गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी आहे. बोर्डीला हौसेने घेतलेली बाटली डिकीत ठेवून तुम्ही सिंह बघायला निघालात की पहिल्या काही किलोमीटरांत तुम्ही गुन्हा करताय. बिल असलं तरी. ज्याने ही दोन ठिकाणं एका दिवसात बांधली त्याने नकाशा बघितला, पण कायदा बघितला नाही.

वाघ आणि दारू: इथली जुनी जोडी

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येते.

2021 मध्ये ‘फ्रंटियर्स इन कॉन्झर्वेशन सायन्स’ या नियतकालिकात रम्या नायर, विद्या आत्रेय आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. विषय होता वारली लोक आणि त्यांचा वाघोबा. या मंडळींनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या पाड्यांवर जाऊन लोकांशी बोलून वाघोबाच्या 150 हून जास्त देवस्थानांची नोंद केली. कुठे देऊळ, कुठे झाडाखाली उभी केलेली लाकडी किंवा दगडी पाटी, तिच्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. वारली बोलण्यात ‘वाघ’ म्हणजे पट्टेरी वाघही आणि बिबट्याही. आज या भागात आहे तो बिबट्या, आणि त्याला कुंपण नाही.

कथा थोडक्यात अशी सांगतात. एका बाईच्या पोटी वाघोबा जन्माला आला. माणसांत वाढला, पण रूप बदलून गावातली गुरं खाऊ लागला. गाव चिडलं. तेव्हा आईने त्याला रानात जायला सांगितलं. मग त्याने खायचं काय? ठरलं असं की गाव त्याचा मान ठेवील, वर्षाला त्याचा वाटा देईल, आणि तो गावाला सांभाळील. हा वाटा देण्याचा दिवस वाघबारस, दिवाळीच्या तोंडावरची अश्विन वद्य द्वादशी. त्याच दिवशी तुमच्या-आमच्या घरी वसुबारस असते. एकाच तिथीला आपण गायीची पूजा करतो आणि रानाजवळचे लोक तिला खाणाऱ्याची. नैवेद्याला नारळ, कोंबडं आणि दारू.

दारू. म्हणजे या भागात मोठं मार्जार आणि आंबवलेलं पेय ही जोडी सहलीवाल्यांच्या आधीपासून आहे.

निबंध भाबडा नाही. वाघोबाला मानलं म्हणून बिबट्या शेळी उचलत नाही असं कोणी म्हटलेलं नाही. नुकसान होतं, लोक चिडतात, वनखात्याकडे भरपाईसाठी खेटे घालतात. संशोधकांचा मुद्दा बारीक आहे: वाघोबा ही एक संस्था आहे. शेळी गेली तर ‘प्राण्याने हल्ला केला’ याच्या पलीकडे जाऊन ‘कराराचं काय चुकलं’ असा विचार करायची सोय ती देते. प्राण्याला मारून प्रश्न सोडवण्याऐवजी त्याच्या शेजारी राहायचं कसं, याची भाषा तिच्यात आहे. संवर्धनाच्या योजना आखताना अशी भाषा आधीच अस्तित्वात आहे हे लक्षात घ्या, असं त्यांचं म्हणणं.

आता वासोण्याच्या गाडीतला माणूस आठवा. त्याचा सिंहाशी करार काय? तिकीट. सिंहाने त्याला काही द्यायचं नाही, त्याने सिंहाला काही द्यायचं नाही, आणि संध्याकाळी दोघांचा एकमेकांशी संबंध संपतो. सफारी यशस्वी कधी? प्राणी दिसला तर. डहाणूत वनखात्याच्या सहकार्याने एक संस्था जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र चालवते. पावसाळ्यात वादळाने, जाळ्यांनी जखमी झालेली कासवं किनाऱ्याला लागतात, त्यांना बरं करून समुद्रात सोडतात. ते केंद्र यशस्वी कधी? प्राणी निघून गेला तर. हा फरक मुलांना समजावून सांगा, त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. तिथे मात्र सहल म्हणून धडकू नका, तो दवाखाना आहे.

जोडीतल्या दुसऱ्या अर्ध्याची गोष्ट कडू आहे. ताडी आणि मोहाची दारू ही वारल्यांची पेयं. ताडी तर आंबवण्याच्या विज्ञानाचा चालताबोलता धडा आहे: पहाटे उतरवलेली गोड नीरा, हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्ट-जिवाणूंच्या जोरावर दुपारपर्यंत चढते आणि संध्याकाळी आंबट होते. त्यातला झायमोमोनास नावाचा जिवाणू यीस्टच्या तोडीने अल्कोहोल बनवतो आणि आज त्यावर जगभर प्रयोगशाळांमध्ये काम चालतं. पण इंग्रज सरकारने 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने या पेयांवर कर आणि मक्ते लादले, आणि 1892 मध्ये तर खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आणून झाडाखाली पडलेलं फूल गोळा करण्यावरच बंधनं घातली. डहाणू-तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच. म्हणजे स्वतःच्या दारातलं फूल वेचणारी बाई गुन्हेगार. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांसाठी वेगळी कलमं राहिली. उलट 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं आणि वाइन हळूहळू ‘शेतीमालावरची प्रक्रिया’ झाली.

यीस्टला यातलं काही कळत नाही. चिकूची साखर असो, ताडाची असो की मोहाच्या फुलाची, त्याचं काम तेच. एकाला सहल आणि दुसऱ्याला धाड, हा भेद आपण केलेला. चिकूच्या वाइनवर माझा राग नाही, ती आणखी खपावी असंच मला वाटतं. पण ‘लोकल’ हा शब्द बाटलीवर लिहिताना ज्यांची लोकल पेयं शंभर वर्षांहून जास्त काळ गुन्हा ठरली त्यांचा उल्लेख तरी व्हावा. मोहावर प्रक्रिया करणारा उद्योग उद्या उभा राहील, तेव्हा त्याच्या भागधारकांत फुलं वेचणाऱ्या बायका असतील का, हा खरा प्रश्न.

निकाल

वायनरी: जा. सकाळी जा, प्रश्न विचारा, बागेत फिरा, चिकूची पेटी घ्या. चालवणाऱ्यासाठी चिकू, बाकीच्यांसाठी वाइन.

सफारी: मुलांना सिंह बघायचाच असेल तर वेगळ्या दिवशी, सकाळच्या पहिल्या फेरीला, आणि जाण्याआधी गीरबद्दल घरी अर्धा तास बोलून. डहाणू-तलासरीच्या सहलीचा भाग म्हणून मी त्याला नापास करते.

आणि वाघोबा? तुम्हाला वाटेल आता मी पत्ता देणार. देणार नाही. ती त्या पाड्याची जागा आहे, सहलीचा तिसरा थांबा नाही. कोणी ओळखीच्या माणसाने नेलं तर चपला काढून, कॅमेरा खिशात ठेवून जा. नाही नेलं तर तलासरीच्या रस्त्याने संध्याकाळी परतताना गाडीचा वेग कमी ठेवा. अंधार पडता पडता रस्ता ओलांडायची वेळ त्याची असते, आणि त्या रस्त्यावर फाटक कोणीच लावलेलं नाही.

पुढच्या वेळी मोहाच्या फुलात एवढी साखर येते कुठून, ते बघू. तुमच्याकडे मोहाला, ताडीला काय शब्द आहेत ते जरूर कळवा.